ताईचं कानातलं

प्रिय छोट्या,

‘प्रिय’ हा शब्द सवयीने पडला कागदावर, त्याने हुरळून जाऊ नकोस. डोकं इतकं तापलंय माझं, की समोर असतास तर एक मुस्काटात बसली असती.

तुझी मुलाखत पाहिली. पोकरच्या एवढ्या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या टेबलापर्यंत पोचलास. काळा गॉगल, कपाळावर ओढलेली टोपी, समोर रंगीत चकत्यांच्या चळती. कौतुक वाटलं, नाही कसं म्हणू? वर्षानुवर्षं या हॉटेलातून त्या हॉटेलात बॅग ओढत फिरलास, प्रवेश फी भरून दिवसदिवस खुर्चीला खिळून बसलास आणि बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी बाहेर पडून हात हलवत परत आलास. बाबा ‘पत्ते कुटतो’ म्हणायचे. तुझ्या बाजूने आई आणि मी, दोघीच. आणि मुलाखत घेणाऱ्या त्या मुलीने विचारलं, समोरच्याचं खोटं इतकं अचूक कसं ओळखता, तर तू दात काढत सगळ्या जगाला सांगितलंस, की आमची ताई खोटं बोलताना कानातलं फिरवते, तिला बघत बघत शिकलो!

अरे गाढवा, ते खोटं मी कुणासाठी बोलत होते? बाबांनी तुझी झाडाझडती सुरू केली की मध्ये मी पडायची. ‘दुपारभर माझ्यासमोर बसून अभ्यास करत होता’ म्हणायची. तू बाजूला गप्प उभा. मला वाटायचं, बिचाऱ्याला लाज वाटतेय. आणि तू माझे कान बघत होतास! बाबांच्या कधी लक्षात आलं नाही ते तू हेरलंस, त्यावर पोट भरलंस आणि वर चव्हाट्यावर मांडलंस.

इथे माझी काय शोभा झालीय ते ऐक. कपड्यांच्या दुकानातली माझी नोकरी. ‘तुम्हाला अगदी खुलून दिसतंय’ म्हटलं, की गिऱ्हाईक आरसा सोडून माझ्या कानाकडे बघतं. मालक फिदीफिदी हसतात. घरी तुझ्या भाचीने उच्छाद मांडलाय, आणि तुझे भावोजी तर ‘आज उशीर झाला’ म्हटलं तरी आधी कान तपासतात.

तेही गिळलं असतं मी. पण आईनेही ती मुलाखत पाहिली. दवाखान्यातल्या खाटेवर पडून, शेजारच्या बाईच्या मोबाइलवर. ‘माझा लेक’ म्हणून नर्सला बोलावून पुन्हा दाखवली.

हो, ती अजून दवाखान्यातच आहे. फोनवर तुला म्हटलं होतं ना, किरकोळ तपासण्या आहेत, दोन दिवसांत घरी येईल, तू खेळावर लक्ष दे? तेव्हा मी कानातलं फिरवत होते. एवढा मोठा पारखी तू, तुला कळलं नाही.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलंय, आता फार दिवस नाहीत. आई रोज विचारायची, मी घरी कधी जाणार गं? ‘पुढच्या आठवड्यात’ म्हटलं की तिचा चेहरा फुलायचा, दोन घास जास्त जायचे. तुझ्या मुलाखतीनंतर मला धास्तीच बसली. काल मी कानातलं घरी काढून ठेवूनच तिच्याकडे गेले. तिने माझ्या मोकळ्या कानांकडे पाहिलं आणि काही विचारलंच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवणाचं ताट तसंच परत गेलं.

म्हणून हे पत्र. फोन केला असता तर पुन्हा ‘सगळं ठीक आहे’ असंच तोंडातून गेलं असतं. हे मिळेल तेव्हा तू कुठल्याही टेबलावर बसलेला अस, ऊठ आणि ये. तुझा चेहरा कुणाला वाचता येत नाही म्हणतात ना? मग तो गॉगल काढ, आईसमोर बस आणि तिच्या डोळ्यांत बघून सांग, की ती घरी येणार आहे. जन्मभर तुझ्यासाठी खोटं मी बोलले. हे एवढं एक तू बोल.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई