वाचणाऱ्याने एकही ओळ गाळू नये

म्बेया,
१९ जुलै

प्रिय टुपोकी वहिनी,

सुबिलागाचा नमस्कार. इथे जुलैच्या थंडीने हाडं गोठलीत, वर्गातसुद्धा मी शाल सोडत नाही. तुमचे डोळे कसे आहेत? औषधाचे थेंब वेळेवर घालता ना, की शेजारणीला वाटून टाकलेत? फोनवर विचारलं तर "सगळं बरं आहे, ठेवते" म्हणून तुम्ही मोकळ्या होता आणि माझं बोलणं तोंडातच राहतं. म्हणून हे पत्र. तुमच्या लुसेकेलोच्या हातीच पाठवतेय, सुट्टीला घरी येतोय तो, आणि तुम्हाला वाचून तोच दाखवणार हे ठाऊक आहे. लुसेकेलो, बाबा रे, वाचून दाखव. सांगू नकोस.

हसू नका वहिनी. तुमची नजर अधू झाल्यापासून माझी पत्रं तोच वाचतो, आणि ईस्टरला तुम्ही मला म्हणालात, "सुबी, तू किती गमतीदार लिहितेस गं." त्या पत्रात मी फक्त माझ्या पाठदुखीबद्दल लिहिलं होतं.

असो. कॉलेजचं सांगते. इंजिनिअरिंगची सगळी पुस्तकं इंग्रजीत, आणि आमची पोरं लहानपणी स्वाहिलीत शिकलेली. जाड पुस्तक उघडलं की त्यांचा चेहरा उतरतो. म्हणून मी हट्टाने कॉम्प्युटरवर वाचायचा तास सुरू केला, ते तुम्हाला माहीतच आहे. पडद्यावर उतारा येतो, कधी पंपाचा, कधी काँक्रीटचा. अडलेल्या शब्दावर टिचकी मारली की स्वाहिली अर्थ दिसतो. वाचून झालेली ओळ पुसट होत जाते, म्हणजे पोरं एकाच जागी रेंगाळत नाहीत. शेवटी प्रश्न. उत्तरं जमली की पुढचा उतारा जरा अवघड येतो. या तासाला वर्षभर पहिला कोण, तर तुमचा लेक. मी स्टाफरूममध्ये इतकं मिरवलं की बाकीचे मला टाळायला लागले.

तुम्ही पाठवलेले अव्होकॅडो पोचले. दोन नासले होते, बाकीचे लोण्यासारखे. केळी अजून पिकायची आहेत. येत्या रविवारी चर्चमध्ये तुम्ही त्याच्यासाठी आभाराची प्रार्थना ठेवलीय आणि बोकडही सांगून ठेवलाय, असं कळलं. वहिनी, बोकडाचं जरा थांबवा.

मघापासून मी अव्होकॅडोवर वेळ काढतेय. लिहायचं आहे ते हे. लुसेकेलो वाचनाच्या परीक्षेत नापास झालाय. ती पास झाल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला बसता येत नाही, म्हणजे दुसरं वर्ष पुन्हा. आणि त्याला नापास मी केलंय.

लुसेकेलो, घोटभर पाणी पी आणि पुढे वाच.

झालं काय, आमचे निम्मे कॉम्प्युटर बंद पडलेले, म्हणून एकेका मशीनपुढे तिघं तिघं बसायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे कागद आला की एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, मग तो दवाखान्याचा असो नाहीतर बायबलचा. तसंच इथे. टुसाजिग्वे नावाची मुलगी मोठ्याने वाचायची. हा लुसेकेलो कळफलकावर बसायचा, म्हणून नाव याचं लागायचं. तिच्या वाचण्यातून याच्या कानावर दाब, झडप, पाणी एवढे शब्द पडले की याला अख्खा पंप डोळ्यांपुढे दिसायचा, आणि हा बाकीच्यांना स्वाहिलीत असा समजावून द्यायचा की मीसुद्धा मागे उभी ऐकत राहायची. उत्तरं बरोबर येणारच. फक्त वाचलं त्याने काहीच नव्हतं.

परीक्षेला प्रत्येकाला वेगळं मशीन, बोलायचं नाही. उतारा एका पुलाचा होता. पूल कसा बांधायला हवा ते याने उत्तरांत झकास सांगितलं. उताऱ्यात लिहिलं होतं तो कसा बांधला आणि कशामुळे पडला.

आमचे विभागप्रमुख म्वाकालिंगा म्हणाले, "बाई, भाचा तुमचा, परीक्षा तुमची. पोरगं हुशार आहे, द्या ढकलून."

मी म्हटलं, "हुशार आहे म्हणूनच भीती वाटते. हा खरंच पूल बांधायला जाईल."

ते अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. हा राहतो माझ्याच घरी. दोन दिवसांनी म्हणाला, "आत्या, मला सगळं कळतं गं. वाचताच येत नाही, एवढंच." मग म्हणाला, "आईला मी सांगतो. तू लिहू नकोस." तू सांगशीलच रे, तुझ्या पद्धतीने. आणि ऑक्टोबरात कॉलेज उघडलं की परत यायचं नाही, मामाच्या गॅरेजात राहायचं, असं याने मनात धरलंय, तेही मला कळलंय.

वहिनी, दादाच्या माघारी तुम्ही त्याला कसं वाढवलंत ते मी पाहिलंय. तुम्ही माझ्यावर चिडाल. चिडा. तुमच्या घरी मला पुन्हा चहा मिळाला नाही तरी चालेल, पण त्याला गॅरेजात जाऊ देऊ नका. परवा मी त्याला एकट्याला मशीनपुढे बसवलं. इंग्रजीच्या अर्ध्या पानाला इतका वेळ लागला की मी बाहेर तीन फेऱ्या मारून आले. एवढ्या थंडीत घामाघूम झाला होता. पण संपवलं त्याने, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आत्या, मला वाटलं होतं त्यापेक्षा यात वेगळंच लिहिलंय." मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले. मला रडू आलं होतं.

त्याने मधलं काही गाळलं असेल तर बोकड कापला जाईल, प्रार्थना होईल, आणि तुम्ही मला फोन करून म्हणाल, "सुबी, तू किती गोड लिहितेस." मग मी काय समजायचं ते समजेन. पण ही ओळ तुमच्या कानावर पडत असेल, तर तुमचा लेक शेवटपर्यंत वाचतोय, वहिनी. त्याला जवळ घ्या, आणि ऑक्टोबरात माघारी पाठवा.

फोनकडे डोळे लावून बसलेली,
तुमची नणंद,
सुबिलागा