मीच मागितलेला आशीर्वाद

३ मार्च
पोचले एकदाची. घर उबदार आहे, खिडकीतून बर्फाचा डोंगर दिसतो. सात महिन्यांच्या लेकीला, ऐझिरेकला, बरोबर आणू दिलं, हेच खूप. नवरा रशियात बांधकामावर आहे. माझं काम तुरदुबेक आजोबांना सांभाळायचं. चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत होते, छाती गेली. नर्सबाईंनी ही वही दिली, रोज काय खाल्लं, किती हालले ते लिही म्हणाल्या. सकाळी ताकदीची पावडर दुधात. मग हात वर-खाली दहा वेळा, नळीनं पाण्यात फुंकर, फाटकापर्यंत चालणं. त्यांची बायको उरुमकान आपा म्हणते पावडर म्हणजे वासरांचं खाणं. ती छातीवर औषध म्हणून त्यांना कुत्र्याची चरबी वितळवून पाजते. तो वास माझ्या केसांना लागलाय.

७ मार्च
आजोबा थट्टेखोर आहेत. पाण्यात फुंकताना म्हणाले, बायकोपेक्षा हे बुडबुडे बरे, उलटं तरी बोलत नाहीत. आपा म्हणाली, आधी फाटक गाठ, मग दुसरं लग्न कर. फाटक नाही गाठलं. निम्म्यात बसले, थुंकायच्या डबीत थुंकले. डबी मीच धुते. हिरवट, चिकट, दोरीसारखं लोंबतं. जेवण जात नाही मला.

११ मार्च
आमच्यात बाळाच्या तोंडात म्हाताऱ्या माणसाकडून थुंकून घेतात, त्याचं आयुष्य बाळाला मिळावं म्हणून. आजोबा ब्याऐंशीचे. मी मागितलं. ते नको म्हणत होते, माझ्यात काय उरलंय पोरी. मीच हट्ट केला. आपानं ऐझिरेकचं तोंड उघडून धरलं. मला वाटलं थेंबभर. पण आजोबा पोटातून खाकरले आणि तिचं तोंड भरलं. तिनं गिळलं. मग ओठ चाटले. मी अंगणात जाऊन ओकले.

१५ मार्च
आजोबा न थांबता फाटकापर्यंत जाऊन आले. वजनही वाढलं. नर्सबाई खूश, पावडर लागू पडली म्हणाल्या. ऐझिरेक अंगावर पीत नाही. तिच्या छातीत शिट्टी वाजते.

१८ मार्च
तीन दिवस डबी कोरडी. ऐझिरेक खोकली. माझ्या हातावर पडलं – तेच. हिरवट. बोटानं ओढत गेले, संपेना. एवढ्याशा जिवात एवढं कुठून – कुत्र्याच्या चरबीचा वास. तिला तर कधी दिली नाही.

२० मार्च
खिंड बर्फानं बंद. दवाखान्यात नेता येत नाही. आजोबा अंगणात हात वर-खाली करतायत, चाळीस झाले. गाल गुलाबी. आपाला म्हटलं, परत घ्यायला सांगा त्यांना. पाया पडले.
आपा म्हणाली, "दिलेली थुंकी कोणी परत घेतं का, पोरी? तूच मागितलीस."

२१
ओठ निळे तिचे. दुपारपासून चमच्यानंही दूध नाही, रडणं नाही. मीच काढते. तोंडाला तोंड लावून –

काढलं. कोमट होतं. जिवंत मांसासारखं. थुंकायला वाकले, निघेना. उलटं आत सरकलं – घशातून खाली –

ऐझिरेक रडली. मोठ्यानं. श्वास साफ. देवा. आता पितेय, किती दिवसांनी, अधाशासारखी. एका हातानं लिहितेय. माझ्या छातीत शिट्टी. असू दे. माझ्यात असू दे –

तिच्या ओठांच्या कडेनं ओघळतंय. दूध नाही हे. दोरीसारखं – बाळा सोड – सोडत नाहीये, ती ओठ चाट