मोकळा डावा हात

उर्वशी मॅडम, बोरी अरबहून कांताबाईचा जय भीम.

दवाखान्यात व्यायाम शिकवताना तुमी सांगतलं होतं, लकव्यानं गेलेला उजवा हात परत यायचा असंल तं चांगला डावा हात रोज दोन घंटे फडक्यानं बांधा. मालकासमोर बोंडं ठेवा अन् उजव्या हातानंच कापूस काढू द्या. घास भरवू नका.

तुमचा फोन आला का मी म्हणतो, "बांधतो जी." मॅडम, मी एकदाबी बांधला नाही. तीन महिने झाले, तिन्ही टाइम मीच भरवतो. शेजारच्या बाया म्हणतात, "सेवा करावी तं कांताबाईनं."

माह्या डाव्या कानाचं तुमी इचारलं होतं. लहानपणापासून ऐकू येत नाही, म्हटलं मी. ते खोटं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तो कान याच उजव्या हातानं गेला.

काल जेवताना त्यायचं उजवं बोट हललं. लेकरावानी हासले माह्याकडे पाहून. मीबी हासली. मंग तो हात उचलून मांडीवर ठेवला अन् घास भरवला.

हे पत्र पिठाच्या डब्याखाली राहीन. मंगळवारी त्यायले घेऊन येतो. तुमी इचारसान, तं मी म्हणीन,

बांधतो जी.

कांताबाई