तोंडावरचं फडकं

टेंभेवाडी, ता. ४ एप्रिल १९३६

चि. बजरंग यास गेणूआबाचा आशीर्वाद.

वाडीत पटकीची साथ शिरली. अंबूबाई सकाळी भाकरी थापत हुती, तिनीसांजंला तिला लाकडं लावली. तुजी चुलती सरुबाई बी आडवी झालीया. नदी गुडघाभर, आन आमी तिचंच पाणी पितो. कान्हू सांगतो, लोनावळ्यात मैल्याचा हौद बांधलाय, गावची समदी घाण त्यात साठवत्यात आन आमच्यावर सोडत्यात. आन मुकादम कोण, तर तू! पुतण्या चुलतीला गू पाजतो, लाज हाय का? हौद बंद कर, न्हाईतर मी फोडतो. लोभ ऱ्हावा का न्हाई, ते तूच बग.

लोणावळे, ता. ८ एप्रिल

ती. आबांस बजरंगचा शि. सा. न. वि. वि.

चुलतीचं वाचून जीव खालीवर झाला. पाणी उकळूनच द्या.

आबा, हौद घाण सोडत नाही, धरतो. गाळ खाली बसतो, वरचं पाणी खडी-वाळूतून झिरपून नदीत जातं. शिमग्यापर्यंत सगळी गटारं थेट नदीत पडायची. अजून दोन उरलीत, पंधरा दिवसांत तीही हौदाला जोडतो. तेवढा दम धरा. तुम्ही आणि दम! लिहिताना माझं मलाच हसू आलं. आपण रागावलात तरी लोभ असतोच, तो तसाच असू द्या.

टेंभेवाडी, ता. १२ एप्रिल

चि. बजरंगास आशीर्वाद.

तुजं पत्र आलं तवा सरुबाईला पोचवून नुकता आलो हुतो. पत्र कोनाड्यात टाकलं. वाचत बसायला येळ कुटं? धा जण निघालो, भर दुपारी हौदावर.

तू दिसला न्हाईस, बरं झालं. एक गडी मातूर भिंतीला पाठ लावून उबा. तोंडाला फडकं, अंगभर चुना, नुसतं भूत. हात पसरून बोकडावानी ‘बा, बा’ करत हुता. पहार घातली. हात वाळक्या फांदीवानी काडकन मोडला. पडल्यावर बी माजा पाय सोडंना, मंग तोंडावर लाथ घातली. कान्हूनं घणानं भिंत फोडली. घाण भसाभसा नदीत गेली. जाऊ दे, एकदाची गेली.

तो गडी कोण, कळव. लय चिवट. लोभ हाय.

लोणावळे, ता. १५ एप्रिल

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

चुलती गेली आणि मला तिचं तोंडही दिसलं नाही. हे अक्षर दत्तोबा कंपाउंडरचं. माझा उजवा हात दोन ठिकाणी मोडलाय, दोन दात गेले. हौदावर चुना टाकताना वासामुळे आम्ही तोंडाला फडकं बांधतो. त्यातून ‘आबा’ म्हटलं तर ‘बा’च ऐकू येणार.

आता साठलेला सगळा गाळ तुमच्याकडे उतरतोय. नदीला कुणाला तोंड लावू देऊ नका.

फौजदारानं मारणाऱ्याचं नाव विचारलं. म्हटलं, तोंडावर फडकं होतं, ओळख पटली नाही. कुणाच्या तोंडावर, ते त्यानं विचारलं नाही. हात मोडलाय, लोभ नाही.

लोनावळे चौकी, ता. १८ एप्रिल

चि. बजरंगास आशीर्वाद.

कोनाड्यातलं पत्र काल वाचलं. रडारड करत न्हाई. वाडी झऱ्याचं पाणी पिते. नदीवर कान्हू काठी घेऊन बसलाय. आठ गडी दगड घेऊन तुज्याकडं येत्यात, भिंत कशी उबारायची ते सांग. फडकं काढून सांग.

फडकं कुणाच्या तोंडाला हुतं, ते फौजदाराला सांगितलं. पहार त्यानं ठेवून घेतली, आन मला बी. न्हाईतर पाया मीच खणला असता.

लोभ मागत न्हाई. डाव्या हातानं लिवायला शिक आन पत्र धाड. हितं वाचायला लय येळ हाय.