ओळख न पटलेला आवाज

दि. १४ मार्च

तीर्थरूप दादास,
साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही तिघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, पण तोंड शाबूत आहे. लेकीला चष्मा लागला. तो तिला अजिबात शोभत नाही, हे आईने तिला दिवसातून दहादा ऐकवून झालंय. तू विमान कंपनीचा अध्यक्ष होणार असं पेपरात वाचलं. फोटोत पोट काही लपलं नाही.

कंपनीचा फ्लॅट सोडला. किल्ली तुझ्या शिपायाकडे दिली आहे. आता दोन खोल्यांत राहतो, खाली इस्त्रीचं दुकान आहे. फ्लॅट तू खटपट करून मिळवून दिला होतास, न विचारता सोडला म्हणून रागावशील. रागाव.

अपघाताचा अहवाल मी पूर्ण वाचला. तू म्हणाला होतास, नको वाचूस, त्रास होईल. झाला. सगळं खापर यांच्यावर. वैमानिकाने गोंधळून बिघडलेल्या इंजिनाऐवजी चांगलं इंजिन बंद केलं, म्हणून विमान पडलं. त्या बिघडलेल्या इंजिनाचा, तेल कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा आठवडाभर पेटत होता, त्याबद्दल अर्धी ओळ. चौकशी समितीचे प्रमुख आता तुमच्याच कंपनीचे सल्लागार झालेत, हे मात्र पेपरात छान चौकटीत आलं होतं. शाळेत पोरीला म्हणतात, तुझ्या बाबांनी विमान पाडलं. ती घरी येते, दप्तर ठेवते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते.

तुला एक गोष्ट माहीत नाही. अहवालाआधी समितीने मला बोलावलं होतं. कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण ऐकवतात आणि कोणता आवाज कोणाचा, हे घरच्यांकडून ओळखून घेतात. छोटी खोली, एक साहेब, कानाला हेडफोन. मी पहिल्या खोकल्यालाच सांगितलं, हे आमचे. साहेब कोणाशी तरी बोलायला दाराशी गेले आणि टेप चालूच राहिली.

विमान अजून जागेवर उभं होतं. हे म्हणत होते, इंजिन उघडून बघितल्याशिवाय मी उडवणार नाही. मग फोन वाजला. यांचे हात गुंतलेले असावेत, स्पीकरवर घेतला.

"अहो दाजी, मंत्रीसाहेब इकडे फीत कापायला ताटकळलेत. आज विमान गेलं नाही तर नवे मार्ग दुसऱ्याच्या घशात जातील. दिवा काय, पेटतो नि विझतो. आणा घेऊन. ठमीला मी सांगतो, जेवायला थांबू नको म्हणून."

जगात मला ठमी म्हणणारा एकच माणूस आहे. आणि त्या संध्याकाळी तुझा फोन आलाही होता. "ठमे, जेवून घे, त्याला उशीर होईल." मी जेवले होते, दादा. पोटभर.

साहेबांनी धावत येऊन बटण दाबलं. अहवालात लिहिलंय, तिसऱ्या आवाजाची ओळख पटली नाही. कशी पटेल? कोणी विचारलंच नाही.

तेव्हाच बोलले असते तर टेप नाहीशी झाली असती. तुमचे हात कुठवर पोचतात ते मला ठाऊक आहे. म्हणून मूग गिळून बसले. तुझ्या फ्लॅटमध्ये राहिले, तुझ्याशी गोड बोलले. सहवैमानिकाच्या मास्तर वडिलांनी कंपनीवर दावा लावला. परवा टेप कोर्टाच्या ताब्यात गेली, तेव्हा हे पत्र लिहायला बसले.

मला तुझा राग येतो, एवढंच लिहिलं तर ते फार सौम्य होईल. तुझं वाईट व्हावं असं मला वाटतं. सावकाश, आणि सगळ्यांसमोर.

सोमवारी तुला समन्स येईल. आवाज जुळवून बघायला तुला तीच वाक्यं मोठ्याने म्हणायची आहेत. ही मागणी माझी. वकील म्हणाले, प्रयोगशाळेत एकट्याने म्हटली तरी चालतात. मी म्हटलं, नाही, भरल्या कोर्टात. मेलेल्या प्रत्येकाचं कोणी ना कोणी तिथे बसलेलं असेल. जेवणाचं वाक्यही म्हणायचं, गाळायचं नाही.

आईला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्याला लिही, मी येणार आहे. पुढच्या बाकावर बसेन. माझ्याकडे बघून म्हण म्हणावं."

कळावे. लोभ आता नको.

कॅप्टनची बायको