बासष्ट फेऱ्या आणि एक कोरडं हेल्मेट

७ एप्रिल

चि. बारकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू ‘हो मामा, बरं मामा’ करून मला गुंडाळतेस, म्हणून पत्र लिहितोय. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

कालची शर्यत पाहिली आणि तोंडाची चव गेली. याला शर्यत म्हणायचं? वीस गाड्या, बासष्ट फेऱ्या, आणि पहिल्या वळणावर जो क्रम लागला तोच शेवटपर्यंत. कोणी कोणाला ओलांडलं नाही, कोणी प्रयत्नही केला नाही. रेशनच्या रांगेत यापेक्षा जास्त चुरस असते. समालोचक बिचारे बोलायला काही नाही म्हणून ढगांविषयी बोलायला लागले. तुझी मामी मध्येच उठली, स्टूल घेऊन पंख्याची पाती पुसली, स्टूल जागेवर ठेवलं, हात धुऊन आली आणि तिने विचारलं की हे मघाचंच परत दाखवतायत का. शेजारचा कंपाउंडर आपल्या सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपला होता. त्याचे निळे पहिले आले, तेही त्याला मी हलवून सांगितलं. जागा होऊन वर मलाच अभिनंदन कर म्हणतो.

अभिनंदन कसलं! निळ्यांच्या गाडीचा मागचा पंख सरळ रस्त्यावर वाकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पंख वाकला की वारा कमी अडतो, गाडी पळते. नियमात तो वाकता कामा नये. सगळ्या जगाला दिसतंय, तुमच्या तपासनिसांना तेवढं दिसत नाही. आपले पिवळे दुसरे आले. लंबूने जीव तोडून चालवली, पण समोर चोर असेल तर सज्जनाने काय करायचं? एकतीस वर्षं मी पिवळ्यांच्या मागे आहे. आत्ताचे त्यांचे कप्तान स्वतः गाडी चालवायचे तेव्हापासून. हरले तरी मान खाली घालायची वेळ त्यांनी कधी आणली नाही.

तू तिथे तपासणीला आहेस म्हणून हक्काने सांगतो, त्या पंखाकडे जरा नीट बघ. आमच्या पिवळ्यांच्या चाहते मंडळाचा चिटणीस म्हणून मी तक्रारअर्ज तयार केलाय. दोनशे सह्या जमतील.

तब्येतीला जप. आशीर्वाद नेहमीचेच, फक्त या खेपेला जरा चिडून दिलेत.

तुझा,
मामा

१५ एप्रिल

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले. पंख्याची पाती पुसल्याबद्दल मामीला माझा नमस्कार सांगा. त्या दोन तासांत कोणाच्या तरी हातून काही काम झालं!

तुम्हाला घरी बसून वीट आला, मला तर तिथे उभं राहून आला. आम्हा तपासनिसांच्या खोलीत छोटा टीव्ही आहे. आठ जण तो बघत होतो आणि तिसाव्या फेरीपर्यंत सगळ्यांची आपापली मोजमापाची यंत्रं दोनदा पुसून झाली होती. कारण साधं आहे. पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेत मागची गाडी शिरली की तिची पकड सुटते आणि टायर झिजतात. म्हणून सगळे शहाण्यासारखे अंतर ठेवून चालवतात. शहाणपणाइतकं कंटाळवाणं बघायला दुसरं काही नसतं.

निळ्यांचा पंख मी स्वतः मोजला. वजनं टांगून मोजला, तीनदा मोजला. तो नियमात आहे. त्यांची मिजास मलाही सहन होत नाही, त्यांचा प्रमुख आमच्याशी नोकरांशी बोलावं तसं बोलतो, पण पंख नियमात आहे.

मामा, दुसरीच एक गोष्ट मनाला खातेय. त्या दिवशी एका संघाची लबाडी माझ्या लक्षात आली. कोणता संघ, काय लबाडी, हे मला आज सांगता येत नाही. आमच्या मोठ्या साहेबांचं म्हणणं असं, की संघ मोठा आहे, पुरावा पक्का नाही, तेव्हा तपासणीच्या कागदावर ‘शेरा नाही’ असं लिहून सही कर. महिनाअखेरपर्यंत कागद माझ्याकडे आहे. रोज खणातून काढते आणि परत ठेवते.

तुमच्या कारखान्यात क्रेनच्या पिना मापात नव्हत्या आणि मालकाने त्या पास करायला सांगितल्या, तेव्हा तुम्ही त्या परत पाठवल्यात, असं लहानपणापासून ऐकत आलेय. तेव्हा तुम्हाला भीती नाही वाटली? नोकरी जाईल, सगळे तोंड फिरवतील, असं नाही वाटलं? एवढं कळवा.

डोळ्यांत औषध वेळेवर घालत जा. रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची,
बारकी

२० एप्रिल

चि. बारकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. शेवटचा भाग मामीला वाचून दाखवला नाही. हे पत्रही मी तिच्या नकळत पेटीत टाकणार आहे.

पिना मी परत पाठवल्या नव्हत्या. मी सही केली होती.

घरी आलो तेव्हा तुझ्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, सहज विचारलं की आज उशीर का. मी म्हटलं, मालकाशी वाद झाला, खराब माल परत पाठवला. तिला इतका अभिमान वाटला की मग मला खरं सांगता आलं नाही. तिने तुला सांगितलं, तू शाळेत निबंधात लिहिलंस, आणि माझं खोटं छान बाळसं धरून मोठं झालं. त्या पिनांमुळे पुढे काही अपघात झाला नाही. पण निवृत्त होईपर्यंत क्रेन दिसली की मी रस्त्याच्या पलीकडे जायचो. लोकांना वाटायचं मामा सावलीतून चालतात.

मला भीती वाटली होती का, असं विचारतेस. वाटली, म्हणूनच सही केली. केल्यावर ती गेली नाही, उलट घरातच राहायला आली. तेव्हा तू सही करू नकोस. तुला जे दिसलं ते स्वच्छ अक्षरात लिही. संघ मोठा असेल तर मोठ्या अक्षरात लिही.

आणि संघ कोणता ते मी विचारत नाही. मला काय ते कळलं. पंख नसेल तर दुसरं काहीतरी असेल, पण रंग निळाच असणार! कंपाउंडरसमोर चकार शब्द काढला नाही, पण काल त्याला चहा देताना माझ्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की त्याने कपात काही घातलंय का असं विचारलं.

जेवणाकडे दुर्लक्ष करू नकोस. माया आटायचा प्रश्नच नाही.

तुझा,
मामा

२९ एप्रिल

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

चार-पाच दिवसांत बातमी सगळीकडे येईल. त्याआधी हे पत्र तुमच्या हातात पडावं म्हणून घाईत लिहितेय. बसून वाचा.

निळे नाहीत, मामा. पिवळे आहेत.

गाडी आणि चालक मिळून ठरावीक वजनापेक्षा कमी भरता कामा नये, कारण हलकी गाडी जास्त पळते. शर्यत संपल्यावर चालक हेल्मेटसकट काट्यावर उभा राहतो. लंबू गाडीतून उतरला तेव्हा त्यांचा एक माणूस टॉवेल घेऊन धावत आला. टॉवेल डोक्यावर, पाण्याची बाटली हातात, दोन मिनिटं गडबड. मग लंबू काट्यावर आला. वजन बरोबर भरलं. कपडे घामाने पिळून काढावेत असे ओले होते. मी हेल्मेट नोंद करायला हातात घेतलं आणि सवयीने आत बोटं घातली, तर आतलं अस्तर ठणठणीत कोरडं. दोन तास घातलेलं हेल्मेट कोरडं कसं असेल? साहेब म्हणाले, टॉवेलने पुसलं असेल. मी म्हटलं, टॉवेलने डोकं पुसलं जातं, अस्तराच्या आतला स्पंज नाही. तरी मी ते मोहोर लावून कपाटात ठेवलं.

तुमचं पत्र आलं त्याच दुपारी मी कागदावर सगळं लिहिलं आणि सही केली. शेरा लिहिल्यावर कोणाला थांबवता येईना. तिघांसमोर हेल्मेट उघडलं. अस्तराखाली शिशाच्या पट्ट्या निघाल्या, जवळजवळ तीन किलोच्या. टॉवेलच्या आडून हेल्मेट बदलायचा हा उद्योग वर्षभर चालू होता, असं त्या टॉवेलवाल्याने नंतर कबूल केलं. आणि पट्ट्या बसवायला कोणी सांगितलं, तेही. कप्तानांनी, मामा. स्वतः.

मी तुम्हाला प्रश्न विचारला तेव्हा हे तुमचेच आहेत हे मला माहीत होतं. उत्तर तुमच्याकडून काढून घेतलं आणि तुमच्यावरच चालवलं, असं वाटत असेल तर ते खरं आहे. पण दुसऱ्या कोणाला विचारणार होते?

पिनांचं मी आईला सांगणार नाही. मला तुम्ही आधीपेक्षा लहान वाटत नाही. लोभाचं मागणं आज करवत नाही, तरी करते.

तुमची,
बारकी

४ मे

चि. बारकीस,

पत्र मिळालं. बातमी पाहिली. भिंतीवरचा कप्तानांचा फोटो काढला, तिथे भिंत पांढरी राहिली आहे आणि ती जास्त दिसते. जेवण जात नाही. मला आधी सांगायला हवं होतंस. काय सांगायला हवं होतंस आणि सांगितलं असतंस तर मी काय म्हटलं असतं, याचा विचार करायची मला सध्या इच्छा नाही.

इतक्यात फोन करू नकोस.

मामा

१९ मे

चि. बारकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

मागच्या पत्रात आशीर्वाद लिहायचे राहिले नव्हते, मी ते मुद्दाम लिहिले नव्हते. मी पेटीत टाकण्याआधी मामीने ते पाकीट उघडून पाहिलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं. आज दुप्पट धर.

परवा सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मंडळाची सभा झाली. एरवी पंधरा माणसं येतात, परवा खुर्च्या कमी पडल्या. कप्तानांनी लबाडी केली याबद्दल कोणाला काही वाटत होतं का? छे. सगळे करतात, हे एक. आपलेच पकडले, हे दुसरं. आमचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, एक निषेधपत्र तयार करून घेऊन आले होते. वर्षभर शिसं भरून आपल्याला फसवलं त्याचा निषेध नव्हे. ज्या तपासनीस बाईने ते शोधलं तिला काढून टाका, असं पत्र. चिटणीस म्हणून ते मी वाचायचं होतं.

मी वाचायला लागलो. ‘कोणी एक अननुभवी बाई’ इथपर्यंत आलो आणि पुढचं अक्षर दिसेना. औषध वेळेवर घातलं होतं, डोळ्यांचा दोष नव्हता. मी कागद खाली ठेवला आणि सांगितलं, की ही कोणी एक बाई माझी भाची आहे. मायक्रोमीटर कसा धरायचा ते तिला मी शिकवलंय, आणि ती कोरडं म्हणाली तर ते कोरडं. सही करू नकोस, लिही, असंही तिला मीच सांगितलं.

मागून कोणीतरी म्हणालं की निळ्यांनी हिला किती दिले ते विचारा. लोक हसले. बारके, एकतीस वर्षं ज्यांच्या मांडीला मांडी लावून शर्यती बघितल्या, ती ही माणसं. मला शिसं ऐकून जितकी शिसारी आली नव्हती तितकी त्या हसण्याने आली. अध्यक्ष म्हणाले, घरचं घरी ठेवा, पत्रावर चिटणिसाची सही लागते. मी शिक्का आणि नोंदवही त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, आता चिटणीस दुसरा बघा.

खाली उतरलो तर कंपाउंडर दुकानापाशी उभा. मला वाटलं खिजवायला आलाय, आणि त्याचा हक्कही होता. पण तो कोपऱ्यापर्यंत माझ्याबरोबर चालला. मग घसा साफ करून म्हणाला, की खरं सांगायचं तर त्यालाही वाटतं, निळ्यांचा पंख थोडा वाकतो. मी म्हटलं, नाही वाकत, माझ्या भाचीने तीनदा मोजलाय.

माझा राग गेलेला नाही, हे सांगून ठेवतो. कप्तानांवर आहे, लंबूवर आहे, त्या टॉवेलवर आहे. थोडा तुझ्यावरही होता. तो कोणत्या दिवशी गेला ते मला नीट सांगता येणार नाही.

काल पुन्हा शर्यत होती. बघायची नाही असं ठरवलं होतं, वेळ झाली तसा टीव्ही लावला. पुन्हा तेच, मालगाडीचे डबे एकामागून एक चाललेत. आणि या वेळी तर माझा कोणी संघही नव्हता. कोणासाठी चिडायचं तेही कळेना. कंपाउंडर झोपला. मी मात्र शेवटपर्यंत बसलो. गाड्या थांबल्या, चालक एकेक करून काट्याकडे आले, आणि कॅमेरा त्यांच्यावरून फिरताना मागे तू दिसलीस. केस आवळून बांधलेले, हातात तक्ता, आणि एका चालकाला नीट उभं राहा म्हणून बोटाने खुणावत होतीस. तो मुकाट्याने नीट उभा राहिला. मी मामीला हाक मारेपर्यंत चित्र बदललं. पाच सेकंद असशील.

शर्यत कोण जिंकलं ते मला नंतर कंपाउंडरला उठवून विचारावं लागलं. त्यालाही माहीत नव्हतं.

फोन केलास तर चालेल. पत्र पाठवलंस तर जास्त आवडेल. लोभ होता तसाच आहे, त्याला काही झालेलं नाही.

तुझा,
मामा