जाड शर्ट सर्वांत वर

१४ मार्च, शुक्रवार

फर्गस यंदा शिकारीला येत नाही म्हणाला. कारण गुडघा. त्याच्या मेंढ्यांच्या फाटकाशी उभा राहून, माझ्याऐवजी कुत्र्याकडे बघत — "साथ देत नाही बघ आता. तूही एकटी जाऊ नकोस. यंदा राहू दे."

घरी दोरीवर सगळी लोकर वाळत होती. पातळ मेरिनो बनियनं, स्वेटर, तपकिरी जाड शर्ट. साबण न लावता नुसत्या पाण्यातून काढलेली, हरणांना वास लागू नये म्हणून. डनिडनहून शिकून इथल्या शाळेत लागले, तेव्हापासून दर शरदात, एप्रिलमध्ये, माजावर आलेले नर ओरडायला लागले की आम्ही दोघं वरच्या खोऱ्यात जातो. एकदाही चुकलं नाही.

मंगळवारीच तो एका एडक्यामागे कुंपणावरून उडी मारून गेला होता. मी पाहिलं. कदाचित त्या उडीनेच गुडघा दुखावला असेल. उगाच संशय नको.

१७ मार्च, सोमवार

दुकानात लोर्ना भेटली. विचारलं, "फर्गसचा गुडघा कसा आहे?" ती म्हणाली, "गुडघा? कसला गुडघा?" मग पटकन — "हां, तो. बरा आहे गं." आणि लोण्याच्या किमतीबद्दल बोलत सुटली. बायको आहे त्याची. तिलाही नीट पढवलेलं नाही.

२३ मार्च, रविवार

आज ट्रेव्हर आला. लोर्नाचा भाऊ. इन्व्हरकार्गिलला टायर बदलतो, मनाने सरळ. दारातूनच म्हणाला, "मास्तरीणबाई, शिकवणी द्या. एप्रिलमध्ये भावोजींबरोबर वरच्या खोऱ्यात जातोय. ते म्हणाले, कपड्यांचं सगळं तुलाच विचारावं. तुला यंदा शाळेतून सुटका नाही म्हणे?"

म्हणजे मला गुडघा, त्याला शाळा.

मी चहा ठेवला. त्याच्याकडे पाठ करूनच उभी राहिले.

आणि शिकवलं. चढताना अंगात एकच पातळ बनियन, कुडकुडलास तरी चालेल. "बाकीचं?" बाकीचं पाठीवर. "मग उचलून न्यायचं कशाला?" वर पोचलास की घाम गार व्हायच्या आत ओलं काढायचं, कोरडं घालायचं. त्यावर स्वेटर. पण स्वेटरच्या विणीतून वारा सरळ आत येतो, म्हणून जाड शर्ट सर्वांत वर. "माझं नायलॉनचं जाकीट आहे की, भारी." ते झुडपात खसखसतं. तुला ऐकू येणार नाही, हरणाला येईल. लोकर आवाज करत नाही.

"म्हणजे मेंढीसारखं व्हायचं."

"मेंढीपेक्षा शहाणं."

हसला. किती निर्मळ हसला!

एक गोष्ट इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार? क्षणभर मनात आलं होतं, उलटं सांगावं. पायथ्यापासून सगळं चढवून जा म्हणावं. घामाने भिजेल, वर गारठेल, दुसऱ्या दिवशी फर्गसला त्याला घेऊन परत यावं लागेल. नाही सांगितलं. पण हे चांगुलपणातून की भीतीने, ते मला ठरवता येत नाही.

२४ मार्च, सोमवार

गावाला काय वाटायचं ते वाटो, आमच्यात तसलं कधीच काही नव्हतं. असतं तर निदान या दुखण्याला नाव देता आलं असतं. सोबती बदलला, म्हणून माणसाने रडावं का? रडले.

४ एप्रिल, शुक्रवार

गाडी शाळेवरून गेली. ट्रेव्हरने हात केला. फर्गस समोर बघत होता.

६ एप्रिल, रविवार

एकटीच मागच्या टेकडीवर जाऊन बसले. दक्षिणेचा बोचरा गार वारा. अंगात ऊब होती, थर सगळे नीट होते. एक हरणी अगदी जवळून चरत गेली. बंदूक उचललीच नाही. खोऱ्यात आत्ता कोण बसलं असेल, आमच्या खडकापाशी, एवढंच डोक्यात.

९ एप्रिल, बुधवार

ट्रेव्हर हरणाची मांडी घेऊन आला. "तुझी शिकवणी वसूल." पण चेहरा पडलेला. म्हणाला, भावोजींचं काही कळत नाही. "बंदूक आणलीच नाही त्यांनी. नुसते माझ्यामागे, दुर्बीण घेऊन."

मग सांगितलं ते असं. दुपारी वारा सुटला. त्याने मी शिकवल्याप्रमाणे जाड शर्ट वर चढवला, नारिंगी बंडीच्या वरून. माणूस आहे हे लांबून दिसावं म्हणून घालतात ती बंडी. फर्गसने तो शर्ट त्याच्या अंगातून ओढून काढला. बटण तुटलं. "मी म्हटलं, अहो, मास्तरीणबाईंनीच सांगितलंय. तर म्हणाले, तिने सांगितलेलं तर मुळीच करायचं नाही. बंडी सगळ्यावर. गारठून मेलास तरी चालेल."

तर मुळीच नाही. इतकी वर्षं मी त्याच्यासमोर थर चढवले, उतरवले, त्याने कधी चकार शब्द काढला नाही. आता परक्यापुढे माझी ही किंमत. उद्या जाऊन तोंडावर विचारणार आहे.

१० एप्रिल, गुरुवार

विचारलं. लोकर कातरायच्या शेडमध्ये, दोघंच होतो.

मागच्या एप्रिलमध्ये, वारा सुटल्यावर, झुडपात त्याला तपकिरी पाठ दिसली. त्याने नेम धरला. बंदुकीची सेफ्टी काढली. बोट ट्रिगरवर होतं. "मग तुला उकडलं असावं. तू शर्ट डोक्यावरून काढायला लागलीस, आणि आतून नारिंगी दिसलं."

त्या रात्री त्याने माझ्या हातचं जेवण दोनदा वाढून घेतलं होतं.

"वर्षभर का नाही सांगितलंस?"

"तू माफ केलं असतंस. आणि यंदा परत आली असतीस."

आले असते.